रिजेक्ट झालेला पेपर दुरुस्त कसा करायचा: इंग्रजीचा नंबर शेवटी

दरवर्षी मे-जून आला की माझ्याकडे दोन-चार जण तरी पेपर घेऊन येतात, कुणाची पीएचडी चालू असते, कुणाची कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाईल अडकलेली असते, आणि सगळ्यांचं वाक्य साधारण एकच असतं, "मॅडम, जरा इंग्रजी बघून द्या ना, जर्नलनं परत पाठवलाय." मी पेपर घरी आणते, चहा घेऊन वाचायला बसते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पानापर्यंतच कळतं की इंग्रजी हा मुद्दाच नाहीये. काम केलेलं असतं, उन्हातान्हात फिरून सॅम्पल आणलेली असतात, रात्री लॅबमध्ये थांबून रीडिंग घेतलेली असतात, पण पेपरमध्ये नक्की काय सांगायचंय ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग एडिटर तरी काय करणार.

मी केमिस्ट्री शिकवते, काम भूजलावरचं आहे, त्यामुळे उदाहरणं विहिरीच्या पाण्याचीच देणार आहे. तुमचा विषय नॅनोमटेरियल असो नाहीतर कापूस, दुरुस्तीची पद्धत बरीचशी तीच राहते. उदाहरणातला डेटा मी समजण्यासाठी बनवलाय, तो कुणी सायटेशनला घेऊ नका.

आधी मराठीत दोन ओळी

लॅपटॉप बंद करा. कोरा कागद घ्या आणि मराठीत, आपण घरी बोलतो तसल्या मराठीत, दोन ओळी लिहा: मला काय बघायचं होतं आणि मला काय सापडलं. बस. हे जमत नसेल तर पेपर अजून तयार नाही असं समजायचं, कितीही पानं झाली असली तरी.

समजा शिरोळ तालुक्यातल्या चाळीस विहिरींचं पाणी तपासलंय. ऊसपट्टा, कृष्णा-पंचगंगेचा भाग, क्षारपड जमिनीचा प्रश्न आहेच, म्हणजे विषय खरा आहे. आता माझ्यासमोर बसलेल्या मुलीला मी विचारते, काय सापडलं? ती म्हणते, "मॅडम, चाळीस विहिरींचे चौदा पॅरामीटर काढलेत." बाळा, हे तू काय केलंस ते झालं, सापडलं काय? "काही विहिरींत नायट्रेट लिमिटच्या वर आहे." कोणत्या विहिरींत? "उसाच्या शेतातल्या." सगळ्या? "नाही, उथळ आहेत त्या." कधी? मग ती एक्सेल उघडते, दोन मिनिटं गप्प बसते आणि म्हणते, "मॅडम, शेतातल्या उथळ विहिरींत पावसाळ्यानंतर वाढतंय, पण गावठाणातल्या विहिरींत उलटं आहे, तिथे मे महिन्यातच जास्त आहे."

हा झाला पेपर! एकाच तालुक्यात, एकाच खडकात, नायट्रेट दोन वेगवेगळ्या वेळी चढतंय म्हणजे त्याचे दोन वेगळे सोर्स असू शकतात, एकीकडे पावसाबरोबर खाली झिरपणारं खत आणि दुसरीकडे शोषखड्डे नि गोठे, ज्यांचं पाणी उन्हाळ्यात विहीर आटली की घट्ट होत जातं. ही गोष्ट तिच्या डेटामध्ये वर्षभर पडून होती, पण पेपरमध्ये पीएचचा एक परिच्छेद, टीडीएसचा एक परिच्छेद, हार्डनेसचा एक परिच्छेद असं चौदा वेळा झालं होतं आणि नायट्रेट अकराव्या नंबरला आलं होतं.

आपल्याकडच्या पेपरांची ही सगळ्यात मोठी अडचण आहे असं मला मनापासून वाटतं. आपण रिपोर्ट लिहितो आणि त्याला पेपर म्हणतो. रिपोर्टमध्ये सगळं येतं, पेपरमध्ये एक गोष्ट येते आणि बाकी सगळं त्या गोष्टीला टेकू द्यायला येतं. जे टेकू देत नाही ते सप्लिमेंटरी फाईलमध्ये टाका, फेकायचं नाही, फक्त वाटेतून बाजूला करायचं.

त्या दोन ओळी झाल्या की टायटल आपोआप बदलतं. "फिजिको-केमिकल अ‍ॅनालिसिस ऑफ ग्राउंडवॉटर फ्रॉम अमुक तहसील, अमुक डिस्ट्रिक्ट, महाराष्ट्र, इंडिया" हे टायटल एडिटरनं हजारदा पाहिलेलं असतं आणि त्यातून त्याला एवढंच कळतं की याही तालुक्यात पाणी आहे. त्याऐवजी उथळ विहिरी, ऊस, पावसाळ्यानंतरचं नायट्रेट, हे तीन शब्द टायटलमध्ये आले की वाचणारा थांबतो. तालुक्याचं नाव ठेवा, पण मागे ठेवा.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टचंही तसंच आहे. पहिल्या ओळीत "वॉटर इज एसेन्शियल फॉर लाइफ" लिहू नका हो, हात जोडून सांगते. पाण्याशिवाय जीवन नाही हे हायड्रॉलॉजीच्या जर्नलच्या एडिटरला माहीत असतं. प्रश्न काय, किती विहिरी, कधी, कसं मोजलं, काय आलं, त्याचा अर्थ काय, एवढंच. आणि आकडा पाहिजे. "नायट्रेट वॉज फाउंड टू बी हाय" असं नको, किती होतं ते लिहा, कितींपैकी किती विहिरींत ते लिहा.

टेबल आणि ग्राफ

पेपर लिहिताना, किंवा परत आलेला नीट करताना, मी प्रस्तावनेपासून सुरुवात करतच नाही. आधी ग्राफ आणि टेबल, मग मेथड, मग रिझल्ट, मग डिस्कशन, प्रस्तावना त्यानंतर आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. कारण रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, पण तसंच वाचतो, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बघून झालं की थेट चित्रांवर जातो.

टेबलमध्ये पीएच 7.243 असं लिहिलेलं मी अजून बघते. आपल्या कॉलेजच्या पीएच मीटरवर तिसरा दशांश खरा असतो का? 7.2 लिहा. एक्सेलनं दिलेले सगळे दशांश उचलून टाकले की रिव्ह्यूअरला लगेच कळतं की या माणसानं आकड्यांकडे बघितलेलं नाही, आणि एकदा तसं वाटलं की तो पुढचा प्रत्येक आकडा संशयानं वाचतो.

युनिटची एक गोष्ट खास सांगते, कारण यात चांगले चांगले पेपर फसतात. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात, एक नायट्रेट म्हणून आणि एक त्यातला फक्त नायट्रोजन म्हणून. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, ती नायट्रेट म्हणून आहे. अमेरिकेतली मर्यादा 10 आहे, ती नायट्रोजन म्हणून. मधला फॅक्टर साधारण 4.43, म्हणजे दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच आहेत. आता तुम्ही परदेशी पेपरमधला 12 हा आकडा उचलून स्वतःच्या 50 शेजारी ठेवला आणि "आमच्याकडे चौपट प्रदूषण" लिहिलं, तर काय झालं? तुलनाच खोटी झाली. तुमचा विषय वेगळा असेल तर त्यातही अशी एखादी जागा असणारच, जिथे सगळे घसरतात, ती शोधून पेपर त्या जागी दोनदा तपासा.

भूजलाच्या पेपरमध्ये रिव्ह्यूअर दुसरी कुठली गोष्ट आधी बघत असेल तर ती म्हणजे आयन बॅलन्स. पाणी विद्युतदृष्ट्या तटस्थ असतं, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांची मिलिइक्विव्हॅलंटमधली (म्हणजे विद्युतभार धरून केलेली) बेरीज बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट यांच्या बेरजेच्या जवळ यायला हवी, साधारण पाच टक्क्यांच्या फरकात. ती वीस टक्क्यांनी चुकत असेल तर कुठलं तरी रीडिंग चुकलंय आणि तुमच्या टेबलवरूनच ते कुणालाही कॅल्क्युलेटरवर काढता येतं. हे आपण आधी काढायचं, रिव्ह्यूअरनं काढायच्या आधी. चुकलेलं सॅम्पल परत मोजा, परत मोजणं शक्य नसेल तर ते वगळलं आणि का वगळलं ते स्पष्ट लिहा.

ग्राफचा स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवू नका, अक्षरं फुटतात. बहुतेक जर्नल फोटोला निदान 300 डीपीआय मागतात आणि रेषांच्या चित्रांना त्याहून जास्त. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी वापरू नका, ते काही लोकांना वेगळे दिसतच नाहीत, निळा आणि नारिंगी चालतात. आणि थ्री-डी बार ग्राफ तर अजिबात नको, उंची नीट वाचता येत नाही.

स्टॅटिस्टिक्स, जिथे रिव्ह्यूअर थांबतो

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मेजर रिव्हिजन, म्हणजे "मोठे बदल करून परत पाठवा" असा निर्णय, येते ती बहुतेक इथूनच.

एका बाटलीतल्या पाण्याची तीन रीडिंग घेतली म्हणजे तीन सॅम्पल होत नाहीत. ती एकाच सॅम्पलची तीन मोजमापं आहेत, त्यातून तुमच्या उपकरणाची अचूकता कळते, विहिरीविहिरीतला फरक कळत नाही. चाळीस विहिरी आणि प्रत्येकी तीन रीडिंग, म्हणून एन, म्हणजे सॅम्पलची संख्या, बरोबर 120 असं लिहिलं की पेपर तिथेच गेला. एन चाळीसच.

दुसरं, मे महिन्यात ज्या विहिरी तपासल्या त्याच नोव्हेंबरमध्ये तपासल्या ना, मग ती जोडी झाली. त्याला साधी टी टेस्ट लावायची नाही, पेअर्ड लावायची, आणि नायट्रेटचा डेटा बहुतेक वेळा एका बाजूला झुकलेला असतो, दोन-तीन विहिरी भयंकर जास्त आणि बाकीच्या कमी, अशा वेळी सरासरी फसवते. मीडियन, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या आणि विल्कॉक्सनची साइन्ड-रँक टेस्ट बघा. हे आर या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं, एका ओळीचं काम आहे. जमत नसेल तर कॉलेजच्या स्टॅट्सच्या सरांकडे जा, पण सॅम्पल गोळा करायच्या आधी जा, नंतर जाऊन काही उपयोग होत नाही, ते बिचारे तरी काय करतील.

आणि पी व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता, 0.05 पेक्षा कमी आली म्हणजे जग जिंकलं असं नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं 2016 साली यावर सविस्तर निवेदनच काढलंय, पी व्हॅल्यूवरून परिणाम किती मोठा किंवा किती महत्त्वाचा ते कळत नाही म्हणून. फरक किती मिलिग्रॅमचा आहे ते लिहा, त्याची रेंज लिहा, मग पी व्हॅल्यू लिहा.

मेथड लिहिताना डोळ्यासमोर दुसऱ्या कॉलेजची एखादी एमएस्सीची मुलगी आणा, जिला तुमचं काम जसंच्या तसं परत करायचंय. "स्टँडर्ड मेथडनं केलं" यावरून तिला काय कळणार? नायट्रेट यूव्हीवर मोजलं का, 220 नॅनोमीटरला घेतलं का, सेंद्रिय पदार्थांसाठी 275 ला करेक्शन केलं का, बाटल्या कशाच्या, बर्फात आणल्या का, किती तासांत मोजलं, ब्लँक (नायट्रेट नसलेलं पाणी) किती घेतले, विहिरीची खोली कशी मोजली, मालकाला विचारून की दोरी टाकून. हे सगळं चार-पाच ओळींत बसतं. लोक लाजतात, आमच्याकडे आयन क्रोमॅटोग्राफ नाही म्हणून मेथड मोघम लिहितात, आणि नेमकं तेच अंगाशी येतं. साधं उपकरण चालतं. लपवलेलं चालत नाही.

डिस्कशन म्हणजे रिझल्ट परत लिहिणं नाही

डिस्कशनमध्ये "टेबल 3 मध्ये दाखवल्याप्रमाणे नायट्रेट 12 ते 96 होते, अमुक यांनीही असेच निष्कर्ष काढले आहेत" अशी वाक्यं ओळीनं येतात. अमुक यांनी कुठे काम केलं, त्यांचा खडक कुठला, आपला दख्खनचा बेसॉल्ट, त्यात पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरातून जातं, गाळाच्या मैदानातल्या विहिरीशी आपली तुलना कशी होईल, हा विचार डिस्कशनमध्ये दिसला पाहिजे. तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा एखादा पेपर असेल तर तोही घ्या आणि फरक का पडला असेल ते लिहा, त्यानं पेपर कमजोर होत नाही, उलट रिव्ह्यूअरचा विश्वास बसतो.

लिमिटेशन पण स्वतःहून लिहायच्या. एकाच वर्षाचा डेटा आहे, नायट्रोजनचे आयसोटोप (वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजलेले नाहीत म्हणून सोर्स नक्की सांगता येत नाही, फक्त तसं दिसतंय. "प्रूव्ह्ज" हा शब्द काढा, "सजेस्ट्स" लिहा. या एका शब्दावरून पेपर परत आलेले मी पाहिलेत.

आता इंग्रजी

हो, आता. छोटी वाक्यं. एका वाक्यात एक गोष्ट. आपण मराठीत बोलताना कर्ता सोडून देतो आणि सगळं समजतं, इंग्रजीत तसं केलं की कोण कुणाला काय करतंय ते कळत नाही. थिसॉरस उघडून जड शब्द शोधू नका, नायट्रेट "वाढलं" तर "इन्क्रीज्ड" लिहा आणि दहाही वेळा तोच शब्द वापरा, शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी वेगळं सांगताय. मग पेपर मोठ्यानं वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

एआयच्या टूलनं व्याकरण तपासायला माझी हरकत नाही, पण कुठलं टूल कशासाठी वापरलं ते जर्नलच्या नियमाप्रमाणे पेपरमध्ये लिहा, आणि कोप, म्हणजे प्रकाशनातल्या नैतिकतेवर काम करणारी जी समिती आहे, तिनं 2023 मध्येच स्पष्ट केलंय की असं टूल लेखक होऊ शकत नाही, जबाबदारी माणसाचीच. आणि एआयकडून रेफरन्स मागू नका. ते नसलेले पेपर, नसलेले डीओआय (पेपरचे ओळख क्रमांक) अगदी खरे वाटतील असे तयार करून देतं. प्रत्येक रेफरन्स स्वतः उघडून बघितलेला पाहिजे. झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, स्टाइल एका क्लिकवर बदलते, आणि एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तसा इशाराही देतं.

सिमिलॅरिटीचं, म्हणजे आपला मजकूर आधी छापलेल्याशी किती जुळतो त्याचं, टेन्शन खूप जण घेतात आणि मग चुकीचा रस्ता धरतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, आणि रेफरन्स, अवतरणं, सर्वमान्य संज्ञा यात धरायच्या नाहीत असंही त्यात आहे. तरी लोक आकडा खाली आणायला शब्द बदलणारी सॉफ्टवेअर वापरतात. त्यानं काय होतं बघा, 2021 मध्ये गिओम काबानाक या फ्रेंच संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेपरांमधले चमत्कारिक शब्दप्रयोग शोधून काढले, "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"चं "काउंटरफिट कॉन्शसनेस" झालेलं, "बिग डेटा"चं "कोलॉसल इन्फर्मेशन". आता असे शब्द शोधणारी यंत्रणाच आहे आणि पेपर छापल्यावर वर्षांनी सुद्धा मागे घेतले जातात. सरळ उपाय असा की मूळ पेपर वाचायचा, बंद करायचा, आपल्या शब्दांत लिहायचा, आणि कुणाचं आहे ते लिहायचं.

जर्नल कुठलं

हे खरं तर लिहायच्या आधीच ठरवायचं असतं. तुमच्या रेफरन्स लिस्टमध्ये बघा, कुठलं जर्नल पुन्हा पुन्हा आलंय, तिथे तुमचा विषय वाचणारी माणसं आहेत. त्याचा स्कोप वाचा, गेल्या दोन वर्षांतले पाच पेपर वाचा. एकही पेपर वाचलेला नसताना तिथे पाठवायचं म्हणजे पत्ता न बघता पत्र टाकण्यासारखं आहे. जागतिक जर्नल पाहिजे असा हट्ट नको, करंट सायन्स आहे, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स आहे, आपला खडक नि आपला पाऊस समजणारे रिव्ह्यूअर तिथे मिळायची शक्यता जास्त.

पेपर वाचायला मिळत नाहीत ही तक्रार आता बरीच कमी झालीये, वन नेशन वन सबस्क्रिप्शन 2025 च्या जानेवारीपासून सुरू आहे, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल सरकारी संस्थांना खुली झालीयेत. तुमचं कॉलेज त्यात बसतं का ते ग्रंथपालांना विचारा.

यूजीसी केअर लिस्टबद्दल, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या जर्नलच्या यादीबद्दल, रोज कुणीतरी विचारतं. ती लिस्ट यूजीसीनं बंद केली, 2025 च्या फेब्रुवारीत तशी नोटीस आली, आता जर्नल चांगलं की वाईट ते संस्थेनं आणि आपण ठरवायचंय, त्यासाठी काही निकष सुचवलेत. आणि पीएचडीचा प्रबंध सादर करायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या 2022 च्या नियमांत राहिली नाही, तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते बघून घ्या, घाईघाईत कुठेतरी पेपर टाकायच्या आधी.

कारण ती घाई फार महाग पडते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीनं, नाव घेत नाही, चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्या एका जर्नलला पैसे भरले. रंगीत सर्टिफिकेट आलं, पेपर आला, सहा महिन्यांनी ती वेबसाईटच नाहीशी झाली. तीन वर्षांचा डेटा होता तो, एकदा छापलेला म्हणून दुसरीकडे देता येईना आणि पहिला कुठे सापडेना. तिचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगते, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर स्वतःहून "डिअर एमिनंट प्रोफेसर" म्हणत आलेलं बोलावणं बघून पेपर पाठवू नका. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, त्याच्या अधिकृत पोर्टलवर तपासा, ओपन अ‍ॅक्सेस (म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणारं) असेल तर डीओएजे या तशा जर्नलच्या यादीत बघा, स्कोपस या जर्नलच्या डेटाबेसमध्ये आहे म्हणत असतील तर स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये जाऊन अजून चालू आहे की बंद झालंय ते बघा, नामांकित जर्नलच्या नावाची हुबेहूब खोटी वेबसाईट पण असते, म्हणून पत्ता नीट वाचा, संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून विचारा, खरे लोक उत्तर देतात. पैसे नसतील तर हायब्रिड जर्नलमध्ये (जिथे काही पेपर खुले आणि काही वर्गणीदारांसाठी असतात) सबस्क्रिप्शनचा पर्याय घेतला की लेखकाला छापायचे पैसे द्यावे लागत नाहीत, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

एका वेळी एकाच जर्नलला. दोन ठिकाणी पाठवून जिकडे आधी होईल तिकडे, असं करायचं नाही, सापडलं की दोन्हीकडून जातं.

लेखकांची नावं

नाजूक विषय आहे पण टाळता येत नाही. ज्यानं कामात खरा वाटा उचलला, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग घेतला, शेवटचा मसुदा मान्य केला आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायची तयारी ठेवली, तो लेखक. मेडिकल जर्नलच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचे हे चार निकष आहेत आणि चारही लागतात. एचओडी आहेत म्हणून नाव, स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यांच्या खोलीत आहे म्हणून नाव, हे नको, त्यांचे आभार मानायची वेगळी जागा पेपरच्या शेवटी असते. आणि ज्या मुलानं चाळीस विहिरींवर दोर टाकला, आकडे काढले, मसुद्यावर बसला, त्याचं नाव गाळू नका. क्रम कामाच्या सुरुवातीला ठरवा, कागदावर. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढून ठेवा, सोळा आकड्यांचा असतो, फुकट मिळतो, पाटील नि कुलकर्णी आणि जाधव एवढे आहेत की त्याशिवाय तुमचे पेपर तुमच्या नावावर नीट लागत नाहीत.

रिव्ह्यूअरला उत्तर

मेजर रिव्हिजन आली म्हणजे आनंदाची बातमी आहे. खरंच. एडिटरला पेपर नको असता तर रिजेक्ट केला असता. मेल वाचा, बंद करा, दोन दिवस काही करू नका, पहिल्या दिवशी राग येतोच आणि रागात लिहिलेलं उत्तर कधी चांगलं होत नाही.

मग एक नवीन फाईल. रिव्ह्यूअरची प्रत्येक कॉमेंट जशीच्या तशी चिकटवा, एकही गाळायची नाही, खाली तुमचं उत्तर, आणि बदल कुठे केलाय तो पान नंबर नि ओळ नंबर. एका कॉमेंटमध्ये तीन प्रश्न असतील तर तीन तुकडे करा. समजा रिव्ह्यूअर म्हणाला, गावठाणातल्या विहिरींत उन्हाळ्यात नायट्रेट वाढतं ते सांडपाण्यामुळेच कशावरून? "डन अ‍ॅज सजेस्टेड" हे काही उत्तर नाही. उत्तर असं जाऊ द्या: क्लोराइडचा डेटा आमच्याकडे होता, तो आता नायट्रेटसोबत आकृती 4 मध्ये दाखवला आहे, गावठाणात दोन्ही एकत्र वाढतात, शेतात तसं दिसत नाही, हे सांडपाण्याशी जुळतं पण आयसोटोपशिवाय खात्री देता येत नाही, म्हणून पान 9, ओळ 212 ला वाक्य सौम्य केलं आहे. यात रिव्ह्यूअरला काय दिसतं? त्याचा प्रश्न समजलाय, नवीन काम केलंय, दावा होता त्यापेक्षा वाढवलेला नाही.

प्रत्येक गोष्ट मान्य करायची गरज नाही. रिव्ह्यूअर चुकला असेल तर सरळ, सभ्यपणे कारण देऊन सांगा, रेफरन्स द्या. पण त्याला गैरसमज झाला असेल तर तिथे आपलंच वाक्य धूसर असतं, ते नीट करा. आणि तो जे मागतोय ते शक्यच नसेल, म्हणजे आणखी एक पावसाळा थांबा म्हणाला, तर तसं सांगा आणि लिमिटेशनमध्ये घाला. मुदत संपायच्या आधी एडिटरला मेल करून वेळ मागितली की सहसा मिळते.

रिजेक्टच झाला तर? त्यातल्या कॉमेंट घेऊन पेपर सुधारा आणि मगच पुढच्या जर्नलला पाठवा. जसाच्या तसा पाठवू नका, विषय छोटा असतो, तोच रिव्ह्यूअर परत मिळू शकतो.

अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीची तपासायची प्रत, येतं आणि दोन-तीन दिवसांत मागतात, तेव्हा थकवा आलेला असतो आणि लोक न वाचता ओके करतात. टेबलमधला प्रत्येक आकडा मूळ एक्सेलशी ताडून बघा, टायपिंगमध्ये दशांश चिन्ह सरकतं, कॉलेजचं नाव नि सगळ्यांच्या नावांचं स्पेलिंग बघा, युनिट बघा. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं, जुनी पद्धत आहे पण चुका तिच्यातच सापडतात.

आणि पेपर छापून आला की सुरुवातीच्या त्या दोन मराठी ओळी परत काढा. त्यांचं एक पान करा, कुठल्या विहिरीत किती नायट्रेट होतं, मर्यादा 45 आहे, तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला त्या विहिरीचं पाणी वापरू नका, उकळून नायट्रेट जात नाही उलट घट्ट होतं, एवढं लिहा आणि ज्यांच्या विहिरीवर दोर टाकला होता त्या घरी आणि ग्रामपंचायतीत नेऊन द्या. आमच्या मुली असंच एक पान द्यायला गेल्या तेव्हा एका आजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "मग आता कुठल्या विहिरीचं भरू?" त्याचं उत्तर दुसऱ्या पानावर, नकाशावर निळ्या ठिपक्यांनी दाखवलं होतं.